'रन'चं करायचं काय?

पूर्णविराम

सध्या एका सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचं काम हातात आहे. इंग्रजी वाक्यांची यादी येते, समोर मराठी लिहायचं. पडदा दिसत नाही, चित्र दिसत नाही, समोरचा शब्द बटणावर बसणार आहे की इशाऱ्यात, तेही कळत नाही. बहुतेक शब्द मुकाट्याने मराठीत येतात. 'रन' येत नाही. एका ओळीत तो 'चालवा' होतो, दुसरीत 'सुरू आहे'. 'लास्ट रन' म्हणजे मागची खेप. 'रनिंग लो' म्हणजे संपत आलंय. 'रन इंटू अ प्रॉब्लेम' म्हणजे अडचण आली. 'इन द लाँग रन' आलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून बाहेर फेरी मारून आलो.

मग कळलं की ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या सुधारित नोंदीत 'रन' या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत. पीटर गिलिव्हर हे संपादक त्या एकाच शब्दावर नऊ महिने काम करत होते. २०११ साली त्याची बातमीही झाली होती.

मला विचारायचंय ते असं, की एवढे अर्थ एका तीन अक्षरी शब्दात आले कुठून? की अर्थ मोजकेच आहेत आणि कोशकार फोड करत बसतात? आणि मराठीत याच्या तोडीचं कोण आहे?

भिंगरी

पहिला नंबर! सविस्तर रात्री लिहिते, सध्या रनिंग लेट.

निळी_शाई

हा मान फार काळ 'सेट'कडे होता. ऑक्सफर्डचा कोश १९२८ साली पहिल्यांदा पुरा झाला तेव्हा सर्वांत लांब नोंद 'सेट'चीच होती. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या क्रियापदाचे ४३० अर्थ आणि साधारण साठ हजार शब्दांची नोंद. एका शब्दावर एक छोटी कादंबरीच म्हणा. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासायला सुरुवात झाली ती 'एम' अक्षरापासून. त्यामुळे आधी 'मेक' पुढे गेला, मग 'पुट', मग 'रन'. म्हणजे ही शर्यत थोडीफार वर्णक्रमाचीही आहे हे लक्षात ठेवावं.

उलट_तपासणी

६४५ ऐकून तोंडात बोट घालण्याआधी अर्थ मोजतात कसे ते बघा. कोशकारांत दोन जाती असतात, एकत्र गाठोडं बांधणारे आणि बारीक चिरणारे. 'रन अ हॉटेल', 'रन अ कँपेन', 'रन अ मशीन' हे बांधणाऱ्याला एक अर्थ, चिरणाऱ्याला तीन. ऑक्सफर्डला प्रत्येक छटा पहिल्यांदा कधी छापली गेली ते दाखवायचं असतं, म्हणून त्यांना चिरणं भाग आहे. खिशात मावणारा कोश तेच काम एका परिच्छेदात उरकतो.

माझ्या हिशेबाने मूळ अर्थ दोनच. न थांबता पुढे जात राहणं हा एक, आणि दुसऱ्याला तसं जायला लावणं हा दुसरा. बाकी सगळी पिलावळ.

पूर्णविराम

@उलट_तपासणी, मग पायमोज्यातला 'रन'? एक धागा तुटला की खालपर्यंत उभी रेघ पडते तो?

उलट_तपासणी

वीण उसवत जाते. जात राहते. पुढे. ब्रिटनमध्ये त्यालाच 'लॅडर' म्हणतात, कारण त्यांना उसवणं दिसत नाही, राहिलेल्या आडव्या धाग्यांच्या पायऱ्या दिसतात.

भिंगरी

आणि 'चिकन रन'? कोंबड्या पुढे जाऊ नयेत म्हणूनच तर जाळी लावलेली असते!

सावकाश_सखाराम

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, कोंबडीची जाळीपर्यंत. धाव तर आहेच की.

फिरकी

आमच्या खेळाकडे कुणी बघेल का? क्रिकेटमध्ये 'रन' या शब्दाची जेवढी गंमत झालीय तेवढी कुठेच नाही. चौकार मारला की फलंदाज जागचा हलत नाही, तरी खात्यावर चार 'रन'. नो बॉल पडला, कुणीच पळालं नाही, एक 'रन'. उलट जिवाच्या आकांताने पळून एक टोक बॅट न टेकवता परत फिरलात तर तो 'शॉर्ट रन', म्हणजे पळालात ते फुकट. पळण्याचा आणि 'रन'चा संबंध केव्हाच सुटलाय, उरलंय ते मोजमाप.

शिवाय गोलंदाजाचा 'रन-अप', फलंदाज 'रन आउट', आणि जखमी फलंदाजासाठी पळणारा 'रनर'. हा रनर आंतरराष्ट्रीय सामन्यांतून ऑक्टोबर २०११ पासून बंद झाला. 'रन'च्या ६४५ अर्थांची बातमी आली त्याच वर्षी एक अर्थ मैदानाबाहेर गेला!

बेसबॉलमध्येही 'रन' आहे, पण तिथे चारही बेस फिरून मूळ जागी आलात तर एक. आपल्याकडे या टोकाचं त्या टोकाला गेलं की एक. म्हणून बेसबॉलचा पाच-तीन असा निकाल ऐकून हसू नये, त्यांची 'रन' महाग आहे.

रेघोट्या

छान. मराठीने मात्र 'रन' जशीच्या तशी 'धाव' म्हणून घेतली आणि चौकारालाही चार 'धावा' म्हणू लागली. 'रन आउट'ला 'धावचीत' ज्याने केलं त्याला माझा नमस्कार. त्रिफळाचीत, यष्टिचीत, पायचीत यांच्या रांगेत बेमालूम बसला.

फिरकी

+१. आणि 'हिट विकेट'ला 'स्वयंचीत'.

नाडीपरीक्षा

दवाखान्याचा कोटा भरून काढते. नाक 'रन' होतं. ताप 'रन' करतो, म्हणजे खरं तर माणूस तापाला 'रन' करतो, 'शी इज रनिंग अ टेम्परेचर'. तपासण्या 'रन' करायच्या. आजार घराण्यात 'रन' होतो. थकलेला पेशंट 'रन डाउन'. औषध 'रन आउट'. आणि शेवटी बहुवचनात, 'द' लावून, 'द रन्स'. म्हणजे जुलाब. शिकत असताना एक जण इंग्रजीत सांगत होता की दोन दिवस मला रन्स होताहेत, आणि माझ्या शेजारच्याने अभिनंदन केलं होतं.

गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांना मराठीत वेगवेगळी क्रियापदं आहेत. नाक वाहतं, ताप येतो, तपासण्या करतात, आजार घराण्यात चालत येतो, जुलाब लागतात. एकदाही कुणी धावत नाही. धावतो तो शेवटचा पेशंट.

शेवटचा_बाक

शेवटच्या वाक्याला मानाचा मुजरा _/\_

खाणाखुणा

'रन ऑफ द मिल' आलं नाही अजून. सामान्य, सुमार या अर्थी वापरतात. गिरणीतून माल जसा बाहेर पडला तसा, न निवडलेला, प्रत न लावलेला, असा तो मूळ अर्थ. माझ्या धंद्यात त्याचा सख्खा भाऊ रोज भेटतो, 'रन ऑफ माइन'. खाणीतून निघालेलं खनिज, अजून दळलेलं नाही, धुतलेलं नाही, बारीक-जाड सगळं एकत्र. त्यात हेटाळणी अजिबात नाही. सगळा हिशेब त्यावरूनच सुरू होतो. गिरणीवाला भाऊ मात्र शिवी होऊन बसला. एकाच घरात एक प्रतिष्ठित आणि एक वाया गेलेला असतो तसं.

खतावणी

बँकेतही या शब्दाचे असेच दोन चेहरे आहेत. 'टू रन अ बँक' म्हणजे बँक चालवणं. 'अ रन ऑन द बँक' म्हणजे बँक बुडवणं, किंवा निदान बुडण्याच्या काठावर नेणं. ठेवीदार घाबरतात, सगळे एकदम पैसे काढायला येतात. बँकेने ठेवींतले बरेचसे पैसे कर्जाऊ दिलेले असतात, ते एका दिवसात परत येत नाहीत. त्यामुळे धडधाकट बँकसुद्धा नुसत्या भीतीने कोसळू शकते. बाकीचे काढताहेत म्हटल्यावर आपणही काढणं शहाणपणाचं ठरतं, आणि प्रत्येकाच्या शहाणपणातून सगळ्यांचं नुकसान होतं.

२००७च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉकच्या शाखांबाहेर लोकांच्या रांगा लागल्या होत्या. म्हणजे 'रन' होता, पण माणसं तासन् तास जागची हलत नव्हती. ९ मार्च २०२३ला अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायच्या मागण्या आल्या. तिथे तर बऱ्याच जणांनी नुसतं बोट हलवलं. फिरकी म्हणतात तेच, पळण्याचा संबंध सुटलाय.

वाळूघड्याळ

मूळ प्रश्नाला धरून एक निरीक्षण. इंग्रजीत जे जे 'रन' होतं ते मराठीत बहुतेक चालतं. यंत्र चालतं, घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, नाटक चालतं, सरकार चालतं. इंग्रज धावतात तिथे आपण चालतो. हिंदीतही चलना. आणि आपण एकटेच नाही. फ्रेंच माणूस यंत्राबद्दल 'मार्श' म्हणतो. तो मार्शे म्हणजे पायी चालणं. 'सा मार्श' म्हणजे जमतंय, चालतंय, अगदी आपल्या 'चालेल' सारखं. स्पॅनिशमध्येही घड्याळ 'आंदा', तेही चालणंच. जर्मन मात्र इंग्रजांच्या गोटात. यंत्र लॉयफ्ट, सिनेमा लॉयफ्ट, नाकसुद्धा लॉयफ्ट, म्हणजे धावतं.

आणि त्यातली मेख अशी की त्याच शब्दाचा डच भाऊ 'लोपन'. डच माणूस लोपन म्हणतो तेव्हा तो आरामात चालत असतो. त्याच कुळातला इंग्रजी शब्द 'लीप', म्हणजे उडी. एका पूर्वजाची तीन पोरं, एक चालतो, एक धावतो, एक उडी मारतो.

सावकाश_सखाराम

म्हणजे आपली यंत्रं चालत येतात म्हणून कामाला उशीर होतो. इतकी वर्षं उगाच बोलणी खाल्ली.

उलट_तपासणी

@वाळूघड्याळ, निरीक्षण देखणं आहे, पण तुम्ही गृहीत धरताय की 'चालणे' म्हणजे आधी पायांनी चालणं आणि मग ते यंत्राला लावलं. संस्कृतात 'चल्' म्हणजे हलणं. डोंगर अचल असतो, मन चंचल असतं, नाणं चलनात असतं, त्यात पाय कुठेच नाहीत. मग यंत्र चालतं यात रूपक कसलं? ते हलतं, एवढंच.

निळी_शाई

बरोबर आहे आणि हीच गोष्ट 'रन'लाही लागू होते. जुन्या इंग्रजीत 'रिनन' आणि त्याची अक्षरं उलटीपालटी झालेली दुसरी रूपं होती, त्यात उत्तरेकडून आलेल्या नॉर्स शब्दाची भर पडली आणि त्यातून आजचा 'रन' घडला. जर्मनमध्ये 'रिनन' अजून जिवंत आहे आणि त्याचा अर्थ आज मुख्यतः वाहणं, ओघळणं, पाझरणं असा आहे. अश्रू रिनन होतात, घड्याळातली वाळू रिनन होते (@वाळूघड्याळ, तुमचंच नाव निघालं). म्हणजे नदी 'रन्स', नाक 'रन्स' हे अर्थ पळण्यावरून उसने घेतलेले असतीलच असं नाही. वाहणं पहिल्यापासून त्या घरचंच आहे.

आता मोनिअर-विल्यम्सचा संस्कृत कोश उघडा, 'धाव्' बघा. धावणं, वाहणं, प्रवाहासारखं जाणं, सगळं एकाच नोंदीत. लागूनच दुसरा 'धाव्', स्वच्छ करणं, खळबळून काढणं. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना पाणी आणि पाय एकाच क्रियापदात बांधावेसे वाटले. मला तरी ६४५पेक्षा हे जास्त विलक्षण वाटतं.

वाळूघड्याळ

मान्य, तरी माझा मुद्दा शिल्लक राहतो. पूर्वी काहीही असो, आजच्या मराठी माणसाला 'चालणे' म्हटल्यावर पाय दिसतात आणि इंग्रजाला 'रन' म्हटल्यावर पाय दिसतात. बोलणारा व्युत्पत्ती घेऊन बोलत नाही.

उलट_तपासणी

'घड्याळ चालतं' म्हणताना तुम्हाला पाय दिसतात?

वाळूघड्याळ

आता दिसायला लागले. तुमच्यामुळे.

रेघोट्या

शिवणकामातून दोन. 'रनिंग स्टिच'ला मराठीत 'धावदोरा'. किती सुंदर शब्द! सुई वर-खाली करत सरळ पुढे जाते, मागे वळत नाही. मागे वळली की तो 'बॅक स्टिच', मराठीत उलटी टीप. इथे मराठी खरोखर धावली.

दुसरा, कपड्याचा रंग. 'द कलर्स रन'. आपल्याकडे रंग जातो, सुटतो किंवा दुसऱ्या कपड्याला लागतो. अमेरिकेत राष्ट्रध्वजाच्या चित्रासोबत एक घोषवाक्य असतं, 'दीज कलर्स डोन्ट रन'. हे रंग सुटत नाहीत आणि हे पळून जात नाहीत, दोन्ही एकदम. याचं मराठी करून दाखवा, @पूर्णविराम.

पूर्णविराम

'हे रंग पळत नाहीत' हे 'पळणे' वापरून अर्धंच जमतं. ध्वजावर अर्धं काम चालायचं नाही. नकार नोंदवतो.

भिंगरी

आले परत. मराठीतला तोडीस तोड म्हणून माझं मत लागणे. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, नोकरी लागते, दिवा लागतो, दार लागतं, डोळा लागतो, वेळ लागतो, गाव लागतं, सूर लागतो, वेड लागतं, बस लागते. बस लागते म्हणजे स्टँडवर येऊन उभी राहते आणि बस लागते म्हणजे पोटात ढवळतं. नात्यात तो माझा मामा लागतो. वर 'जावं लागतं' मधली सक्ती आणि 'रडू लागला' मधली सुरुवात. गिलिव्हर साहेबांनी यावर नऊ महिने बसून दाखवावं.

नाडीपरीक्षा

बोललेलं लागतं. हे राहिलं.

शेवटचा_बाक

'काढणे'ला विसरू नका. फोटो, कर्ज, पळ, दिवस, चूक, खोडी, आठवण, राग, सगळं काढतात. पळ काढणे म्हणजे तर थेट 'रन'!

खतावणी

पळ काढणे, कर्ज काढणे. अनेकदा याच्या उलट क्रमाने.

उलट_तपासणी

फरक एवढाच की 'लागणे'ला बहुतेक वेळा नाम सोबत लागतं (बघा, आलं). भूक, वेड, ठेच ही नामं अर्थ घेऊनच येतात, 'लागणे' फक्त चिकटवण्याचं काम करतं. 'रन'च्या मागेपुढे इवलीशी अव्ययं येतात. रन आउट, रन ओव्हर, रन इंटू, रन थ्रू, रन बाय, रन अप. अर्थ कुठल्या कुठे जातो. 'आय रॅन इंटू हिम' म्हणजे अचानक भेटला, 'आय रॅन ओव्हर हिम' म्हणजे पोलीस चौकशीला येतील.

भिंगरी

मान्य नाही. 'गाव लागलं' मध्ये 'गाव' या नामात 'वाटेत येणं' हा अर्थ कुठे आहे? तो 'लागणे'नेच आणला. 'डोळा लागला' मध्ये झोप कुठून आली? नुसता गोंद असता तर गावही चिकटलं असतं आणि डोळाही.

निळी_शाई

या मुद्द्यावर भिंगरीताईंशी सहमत. डोळ्याचं उदाहरण खोडायला कठीण आहे.

खाणाखुणा

अवांतर: 'रन द गाँटलेट' म्हणजे दोन्हीकडून मार खात मधून जाणं. 'थ्रो डाउन द गाँटलेट' म्हणजे हातमोजा फेकून आव्हान देणं. मी समजत होतो की दोन्हीकडे तोच हातमोजा असणार.

निळी_शाई

दोन वेगळे शब्द आहेत. हातमोजा फ्रेंचमधून आला. मार खाण्याचा 'गाँटलेट' स्वीडिश 'गाटलोप'वरून, गाटा म्हणजे गल्ली, लोप म्हणजे धाव. सैनिकांच्या दोन रांगा करायच्या आणि शिक्षा झालेल्याला मधून पळवायचं. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला आणि आधीच असलेल्या हातमोज्याने त्याला गिळलं. त्यातला 'लोप' वाळूघड्याळांनी सांगितलेल्या लॉयफ्ट-लोपन-लीप कुळातलाच. म्हणजे 'रन द गाँटलेट' मध्ये धावणं दोनदा आहे.

प्रोग्रामर_पांडू

उशिरा आलो. @पूर्णविराम, तुमच्या मूळ अडचणीबद्दल. सॉफ्टवेअरमध्ये तीन 'रन' वेगळे ठेवा. आज्ञा देणारा (बटणावरचा), अवस्था सांगणारा (आत्ता चाललंय) आणि मोजता येणारा (एक खेप). पहिल्याला 'चालवा', दुसऱ्याला 'चालू आहे', तिसऱ्याला 'खेप' किंवा 'फेरी'. 'रनटाइम' आला तर आधी विचारा, कारण त्याचेही निदान दोन अर्थ आहेत, प्रोग्राम चालू असतानाचा काळ आणि तो चालवणारी यंत्रणा. सिनेमाचा 'रनिंग टाइम' आणखी निराळा, ती नुसती लांबी. आणि 'ड्राय रन'ला 'कोरडी धाव' लिहू नका, मी ते प्रत्यक्ष पाहिलंय. 'चाचणी फेरी' लिहा.

संदर्भ न देता वाक्यांची यादी पाठवणाऱ्यांना मात्र प्रत्येक 'रन'साठी प्रश्न पाठवत राहा. यादी मागून येणाऱ्या टिपांसह सुधारून यायला लागते.

पूर्णविराम

धन्यवाद पांडू, हे वर्गीकरण उचलतो. 'रनिंग लो' आणि 'रन इंटू' मात्र प्रत्येक वाक्यात वेगळे करणार, तिथे एकच शब्द लादला तर मराठी वाक्य मरतं. प्रश्नही पाठवायला सुरुवात केली. पहिलं उत्तर आलं, 'जस्ट रन विथ इट'.

प्रोग्रामर_पांडू

😂😂

सावकाश_सखाराम

एक शंका. 'रन-ऑफ' म्हणजे जमिनीत न मुरता वाहून जाणारं पावसाचं पाणी. मग निवडणुकीतल्या दुसऱ्या फेरीलाही 'रन-ऑफ' का म्हणतात? तिथे कोण वाहून जातं?

निळी_शाई

ते शर्यतीवरून आलं. दोघं बरोबरीत आले की निकालासाठी त्यांना पुन्हा पळवायचं, तो रन-ऑफ. फ्रान्सच्या अध्यक्षपदाला पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. वाहून जातात ते तिसऱ्या क्रमांकापासून पुढचे.

फिरकी

आणि त्यातही अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड'. एक पळतो, एक उभा राहतो. आपलाही उभाच राहतो.

सावकाश_सखाराम

निवडून आल्यावर बसतो.